टेलिहँडलरचा बूम आपोआप खाली बसतो: सील किट उघडण्यापूर्वी तेलाची वाट शोधावी

टेलिस्कोपिक फोर्कलिफ्ट, म्हणजे साइटवर जिला सर्रास टेलिहँडलर म्हणतात ती गाडी, दुरुस्तीला येते तेव्हा ऑपरेटरची तक्रार बहुधा दोनच शब्दांत असते: "बूम बसतोय." विटांचे पॅलेट वरच्या मजल्याच्या स्लॅबला नेमके लावलेले असते, लीव्हर मधल्या स्थितीत असतो, कोणी कशाला हात लावलेला नसतो, आणि तरीही थोड्या वेळाने फोर्क स्लॅबच्या कडेखाली गेलेले दिसतात. मेकॅनिक सिलिंडर उतरवतो, सील किट (आत तेल अडवणाऱ्या कड्यांचा संच) बदलतो, गाडी काही आठवडे नीट चालते आणि मग तीच तक्रार पुन्हा येते. दुसऱ्या वेळी होल्डिंग वॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरमधले तेल कोंडून ठेवणारी झडप, बदलला जातो, तिसऱ्या वेळी पुन्हा सील. प्रत्येक वेळी सुटा भाग बदलला गेला, पण तेल नेमके कोणत्या वाटेने निसटते आहे हे एकदाही तपासले गेले नाही, हेच या दोषाच्या पुनरावृत्तीचे मूळ असते, असे माझे ठाम मत आहे.

बूम कशाच्या आधारावर उभा राहतो

साध्या फोर्कलिफ्टचा मास्ट उभा असतो आणि भार पुढच्या चाकांच्या जवळच राहतो. टेलिहँडलरमध्ये बूमची खीळ गाडीच्या मागच्या भागात असते, बूम केबिनच्या बाजूने पुढे जातो आणि एकात एक बसलेल्या पोलादी पेट्यांच्या रूपात लांब होतो. त्यामुळे भार वर तर जातोच, शिवाय पुढेही जातो. खड्डा, पाया किंवा मचाण ओलांडून पलीकडे माल ठेवता येतो. विटा, सळ्यांचे गठ्ठे, शटरिंगच्या प्लेटा, शेतावर चाऱ्याच्या गाठी, फोर्कच्या जागी बकेट लावून खडी, आणि त्यासाठी मान्यता असलेल्या यंत्रांवर माणसांसाठीचा पिंजरा, अशी नाना कामे एकच यंत्र करू शकते ते या रचनेमुळेच. जेसीबीने १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये लोडॉल या नावाने आपला पहिला टेलिहँडलर बाजारात आणला आणि तिथल्या बांधकामांवर व शेतांवर ही रचना झपाट्याने रुळली. आपल्याकडे ती मुख्यतः बांधकामाच्या साइटवर दिसते.

या दोषाच्या दृष्टीने तीन सिलिंडर महत्त्वाचे आहेत. लिफ्ट सिलिंडर बूम वर उचलतो, एक्स्टेन्शन सिलिंडर तो लांब करतो आणि पुढच्या टोकाचा टिल्ट सिलिंडर फोर्क वाकवतो. अनेक यंत्रांत बूमच्या मुळाशी चौथा, भरपाई करणारा सिलिंडर असतो. बूम वर जाताना तो स्वतःमधले तेल टिल्ट सिलिंडरकडे ढकलतो आणि फोर्क आडवे ठेवतो. म्हणून तक्रार ऐकतानाच विचारून घ्यावे की बूम खाली येतो, बूम आत सरकतो, की बूम जागेवर राहून फक्त फोर्कची टोके झुकतात. "बसतोय" या एका शब्दात या तिन्ही तक्रारी मावतात, पण तिन्हींचे सिलिंडर वेगळे आहेत. फक्त टोके झुकत असतील तर लिफ्ट सिलिंडर उघडण्यात काहीच अर्थ नाही.

इंजिन बंद असताना भार पंप तोलत नाही. तो तोलते सिलिंडरमध्ये कोंडलेले तेल, आणि त्या तेलाच्या दारावर बसलेला होल्डिंग वॉल्व्ह, ज्याला काउंटरबॅलन्स वॉल्व्ह असेही म्हणतात. हा वॉल्व्ह थेट सिलिंडरवरच बसवलेला असतो, जेणेकरून होज फुटला तरी बूम कोसळू नये. बूम खाली आणण्यासाठी ऑपरेटर लीव्हर ओढतो तेव्हा सिलिंडरच्या रॉड बाजूला (जिथून दांडा बाहेर येतो तिकडे; तिच्या उलट, भार तोलणारी ती बोअर बाजू) दाब जातो, त्याच दाबाची एक शाखा पायलट, म्हणजे उघडण्याचा इशारा, म्हणून या वॉल्व्हला मिळते आणि वॉल्व्ह हळूहळू उघडतो. ही शाखा नीट लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळा घोळ तिथेच होतो.

बसणारा बूम भार पुढे नेतो

बूम थोडा बसला तर फार तर माल दोन इंच खाली येईल, असे समजून काम चालू ठेवले जाते. ही समजूत धोक्याची आहे. खिळीपासून फोर्कपर्यंत १० मीटर लांब असलेला बूम ६० अंशांवर उभा असेल, तर भार खिळीपासून आडव्या अंतरावर ५ मीटर असतो. तोच बूम ५५ अंशांवर आला की हे अंतर सुमारे ५.७४ मीटर होते. म्हणजे अवघे ५ अंश बसताना भार पाऊण मीटर पुढे सरकला. टेलिहँडलरची क्षमता ठरते ती पुढच्या चाकांपासून भार किती पुढे आहे यावर, आणि केबिनमधला लोड चार्ट नेमके तेच सांगतो. चार्टच्या रेषेवर ठेवलेला भार बूम बसल्यामुळे रेषेच्या बाहेर जातो आणि मागची चाके हलकी होऊ लागतात.

इथे अनेक जण लोड मोमेंट इंडिकेटरवर, म्हणजे गाडी उलटण्याचा धोका मोजणाऱ्या यंत्रणेवर, भरवसा ठेवतात. ती यंत्रणा मर्यादा जवळ आली की धोका वाढवणाऱ्या हालचाली तोडते, म्हणजे बूम लांब करणे किंवा खाली नेणे या लीव्हरच्या आज्ञा ती अडवते. परंतु गळतीमुळे होणारी हालचाल कोणाच्याही आज्ञेने होत नसते. ती अडवण्याचा मार्ग या यंत्रणेकडे नाही. ती फार तर भोंगा वाजवील. म्हणून बसणाऱ्या बूमची गाडी तपासणी होईपर्यंत उंचीवरच्या कामातून काढावी आणि तिच्यावर माणसांचा पिंजरा तर मुळीच लावू नये.

आधी तेल थंड होत आहे का ते पाहावे

प्रत्येक बसणे ही गळती नसते. हायड्रॉलिक तेलाचे आकारमान दर अंशामागे साधारण ०.०७ टक्के बदलते. दुपारभर राबलेल्या गाडीतले तेल ७५ अंशांवर आहे आणि लिफ्ट सिलिंडरमध्ये १२०० मिलिमीटर उंचीचा तेलाचा स्तंभ आहे, असे धरू. बूम उचलून गाडी बंद केली आणि तेल ४० अंशांपर्यंत निवले, तर हा स्तंभ सुमारे २९ मिलिमीटर आखडतो. खिळीपासून फोर्कचे अंतर सिलिंडरच्या तरफेच्या सातपट असेल, तर फोर्कपाशी ही घसरण २० सेंटिमीटर दिसते. एक थेंबही गळालेला नसतो. एक्स्टेन्शन सिलिंडरचा स्ट्रोक मोठा असल्याने तिथे हा परिणाम आणखी ठळक असतो, आणि तीन पेट्यांच्या, साखळीने चालणाऱ्या बूममध्ये शेवटची पेटी सिलिंडरच्या दुप्पट सरकत असल्याने तो पुन्हा दुप्पट होतो.

हे आखडणे नेहमी सावकाश होतेच असे नाही. वेअर पॅड (पेट्या ज्यांवरून सरकतात त्या पट्ट्या) कोरडे पडले असतील तर बूमची पेटी घर्षणामुळे जागेवर अडून राहते, आत तेलाचा दाब उतरत जातो आणि मग एकाएकी पेटी धक्क्यासरशी आत येते. ऑपरेटरला वाटते की वॉल्व्ह सुटला. अशा वेळी पॅड आणि त्यांचे सरकण्याचे मार्ग साफ करून कंपनीने सांगितलेले ग्रीस लावावे, पॅडची जाडी मोजावी, आणि मगच पुढे जावे. धुळीच्या साइटवर जुन्या ग्रीसमध्ये वाळू कालवली गेलेली असते. तिच्यावर नवे ग्रीस थापल्याने काही साधत नाही.

आखडणे आणि गळती यांत फरक करण्यासाठी लागतात फक्त एक पेंट मार्कर, एक मोजपट्टी, एक इन्फ्रारेड थर्मामीटर आणि थोडा धीर. गाडी सपाट जागी उभी करावी, माहीत असलेल्या वजनाचा भार जमिनीपासून थोडाच वर ठेवावा, आजूबाजूला कोणी येणार नाही असा घेर करावा, आणि इंजिन बंद करावे. रॉडवर ग्लँडला, म्हणजे रॉड जिथून बाहेर येतो त्या सिलिंडरच्या तोंडाला, लागून बारीक रेघ ओढावी. मग दर १० मिनिटांनी रेघेचे अंतर आणि सिलिंडरच्या नळकांड्याचे तापमान लिहून ठेवावे. तेल निवत असल्यास पहिल्या अर्ध्या तासात जास्त हालचाल होते, पुढे ती कमी होत जाते आणि तापमान स्थिरावले की थांबते. गळती असल्यास भार आहे तोवर हालचाल चालूच राहते. हीच चाचणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर पुन्हा करावी. थंड तेलातही बूम बसत असेल तर संशय गळतीवर पक्का होतो. दुपारीच जास्त बसत असेल, तरी गळतीची शक्यता लगेच बाजूला सारू नये, कारण आयएसओ ४६ दर्जाचे तेल ४० अंशांवर असते त्याच्या तुलनेत ८० अंशांवर जवळपास चौपटीने पातळ होते आणि थंडीत लपलेली फट उन्हाळ्यात उघडी पडते. विदर्भातल्या मे महिन्यात हा फरक हमखास दिसतो.

किती बसणे चालण्यासारखे, हे त्या यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावे. अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. सुस्थितीतल्या होल्डिंग वॉल्व्हमधूनही मिनिटाला काही थेंब जाऊ शकतात. मिनिटाला ५ थेंब म्हणजे तासाला साधारण १५ मिलिलिटर. सिलिंडरचा आतला व्यास ११० मिलिमीटर असेल तर रॉड तासाला दीड मिलिमीटरहून किंचित जास्त आत येईल आणि फोर्क सुमारे एक सेंटिमीटर उतरतील. तासाला वीतभर उतरणारा बूम या हिशेबात कुठेच बसत नाही.

सीलचा दोष वॉल्व्हच्या नावावर कसा जातो

आता या दोषाच्या सर्वांत फसव्या भागाकडे येतो. पिस्टनचे सील फाटले की तेल बोअर बाजूकडून रॉड बाजूला जाते, म्हणून बूम बसतो, असे सरळ सांगितले जाते. पण रॉड बाजूची वाट पूर्ण बंद असेल तर केवळ फाटक्या सीलमुळे बूम फारसा बसू शकत नाही. रॉड बाजूत रॉडनेच जागा अडवलेली असल्यामुळे बोअर बाजूतून निघालेले सगळे तेल तिथे मावत नाही. दोन्हीकडचा दाब वाढत जातो आणि हालचाल अडते. बूम बसायचा असेल तर उरलेल्या तेलाला सिलिंडरच्या बाहेर वाट मिळावी लागते.

ही वाट दोन प्रकारे मिळते. पहिली मुख्य कंट्रोल वॉल्व्हच्या स्पूलमधून (लीव्हरने सरकणाऱ्या, तेलाची दिशा ठरवणाऱ्या दांड्यामधून): रॉड बाजूचे तेल स्पूलच्या फटीतून टाकीत जाते. पायलटमध्ये दाब अडकून राहू नये म्हणून अनेक यंत्रांत मधल्या स्थितीत ही बाजू मुद्दामच टाकीकडे थोडी मोकळी ठेवलेली असते. दुसरी वाट अधिक फसवी आहे. रॉड बाजूत दाब साचला की तोच दाब पायलटच्या शाखेतून होल्डिंग वॉल्व्हला पोहोचतो, आणि वॉल्व्हला वाटते की ऑपरेटरने बूम खाली आणायला सांगितले आहे. समजा वॉल्व्ह २६० बारवर उघडेल असा सेट आहे, पायलटचे गुणोत्तर ४ आहे (म्हणजे पायलटचा १ बार दाब ४ बारांइतके काम करतो), आणि भारामुळे बोअर बाजूत १२० बार दाब आहे. सिलिंडरचा व्यास ११० आणि रॉडचा ७० मिलिमीटर असेल, तर रॉड बाजूत अवघा ३० बारच्या आसपास दाब साचला की हा वॉल्व्ह उघडू लागतो. वॉल्व्ह निर्दोष असतो, पण तपासणाऱ्याला तेल वॉल्व्हमधून येताना दिसते, म्हणून वॉल्व्ह बदलला जातो. नवा वॉल्व्हही तेच करतो.

उलट गोष्टही तितकीच खरी आहे. सील नवे असतात आणि वॉल्व्हच्या सीटवर एखादा कण अडकलेला असतो. एका गाडीतला असा कार्ट्रिज, म्हणजे वॉल्व्हचा काढता येणारा गाभा, मी भिंगाखाली पाहिला होता. पॉपेटच्या, म्हणजे सीटवर बसून वाट बंद करणाऱ्या तुकड्याच्या, निमुळत्या तोंडावर चकाकती गोल रेघ होती, आणि तिच्यात एका जागी नखाच्या टोकाहूनही लहान असा पितळेचा पिवळा कण रुतलेला होता. ओ-रिंग शाबूत, स्प्रिंग शाबूत, पण त्या एका कणाने केलेल्या खाचेतून बूम रोज बसत होता. पितळ आले कुठून, याचा शोध घेतला तेव्हा पंपाच्या आतली बुशिंग झिजत असल्याचे निघाले. वॉल्व्ह बदलून पंप तसाच ठेवला असता, तर नव्या सीटवरही असाच कण जाऊन बसला असता.

कोणता दोष आहे हे ठरवणारी चाचणी

काहीही सैल करण्याआधी बूम पूर्ण आत घ्यावा, खाली टेकवावा, इंजिन बंद करावे आणि मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे दाब उतरवावा. लीव्हर हलवल्याने होजमधला दाब जातो, परंतु होल्डिंग वॉल्व्हच्या आत कोंडलेला दाब तसाच राहू शकतो. उचललेल्या बूमखाली होल्डिंग वॉल्व्हचा कार्ट्रिज कधीही सैल करू नये, कारण त्या क्षणी बूमला धरून ठेवणारी ती एकच गोष्ट असते. गळती बोटाने चाचपडून शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा. दाबाखालचे तेल सुईसारखे कातडीत शिरते, जखम किरकोळ दिसते आणि आत हात निकामी होत असतो. असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

लिफ्ट सिलिंडरसाठी मला सर्वांत सुरक्षित वाटते ती चाचणी बूम खाली टेकलेला असताना करायची आहे, कारण तेव्हा पडण्यासारखे काही उरत नाही. ज्या यंत्रांत बूम खाली आणतानाही पंपाचा दाब वापरला जातो त्यांनाच ती लागू पडते. सिलिंडर पूर्ण मिटलेल्या स्थितीत बोअर बाजूचा होज काढून त्याच्या तोंडाला योग्य दाबाचा प्लग बसवावा, सिलिंडरच्या उघड्या पोर्टखाली भांडे ठेवावे, सर्वांना बाजूला करावे, आणि इंजिन मंद ठेवून एकाने लीव्हर खाली आणण्याच्या दिशेने धरावा. सुरुवातीला उरलेसुरले तेल येईल. त्यानंतरही धार चालूच राहिली, तर ती पिस्टन ओलांडूनच येत आहे. धार थांबली, तर निदान त्या टोकाला तरी सील धरत आहे आणि संशय होल्डिंग वॉल्व्हकडे वळतो. एक्स्टेन्शन सिलिंडरही पूर्ण आत घेऊन असाच तपासता येतो.

"निदान त्या टोकाला" हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरले आहेत. नळकांडे मधल्या भागात ओरखडले असेल, तर पिस्टन टोकाला असताना सील नीट धरते आणि काम करण्याच्या उंचीवर मात्र गळते. ठरावीक उंचीवरच बूम बसतो आणि इतरत्र ठीक राहतो, असे ऑपरेटर सांगत असेल तर त्याचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे. तो रोज त्या लीव्हरवर हात ठेवून असतो. अशा वेळी सिलिंडर उघडून नळकांड्यात दिवा धरून पाहण्याला पर्याय नाही.

दोन सारखे लिफ्ट सिलिंडर असलेल्या गाडीत सिलिंडर एकमेकांचा भार वाटून घेतात, त्यामुळे दोष कोणत्या बाजूचा हे नुसत्या नजरेला कळत नाही. दोन्हीकडचा कार्ट्रिज एकाच क्रमांकाचा असेल तर बूम टेकलेला असताना त्यांची अदलाबदल करून, नंतर प्रत्येक बाजू तपासावी. दोष कार्ट्रिजबरोबर सरकला की उत्तर मिळाले.

एक काम मात्र कोणीही करू नये: वॉल्व्हचा स्क्रू आवळून बूम थांबवण्याचा प्रयत्न. या स्क्रूने ठरणारे सेटिंग, म्हणजे वॉल्व्ह उघडण्याचा दाब, भारामुळे येणाऱ्या कमाल दाबाच्या साधारण १.३ पट ठेवलेले असते आणि गळक्या सीटवर त्याचा काहीच इलाज चालत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की काही बनावटींमध्ये स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की सेटिंग वाढण्याऐवजी कमी होते. आवळतो आहोत असे समजून फिरवणाऱ्याच्या हातून भार सुटू शकतो.

दुरुस्तीनंतर दोष परत का येतो

सील फाटण्याला कारण असते, आणि ते कारण सील किटच्या पाकिटात मिळत नाही. रॉडवरून नख फिरवून पाहावे. नख अडेल असा ओरखडा क्रोमवर असेल तर तो प्रत्येक फेरीत वायपर (रॉडवरची धूळ पुसणारी कडी) आणि ग्लँडचे सील कापतो, आणि त्या वाटेने आत गेलेली धूळ पिस्टनच्या सीलपर्यंत पोहोचते. खिळीचे बुश झिजले असतील तर सिलिंडरवर आडवा ताण येतो, पिस्टनला मधोमध धरणारी गाइड रिंग एका बाजूने खाल्ली जाते आणि पिस्टन नळकांड्याला घासू लागतो. अशा सिलिंडरमध्ये सील बदलताना गाइड रिंग जुन्याच ठेवणे म्हणजे ते काम लवकरच पुन्हा अंगावर ओढवून घेणे होय. वाकलेला रॉड सपाट पृष्ठभागावर गडगडवून पाहिला की लगेच लक्षात येतो.

सील बसवण्याची पद्धतही पाहावी. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ढकलत बसवलेल्या सीलच्या ओठावर सूक्ष्म चीर पडते, ती काही आठवडे तग धरते आणि मग फाटते. उघड्यावर, सिमेंटच्या धुळीत सिलिंडर खोलला जात असेल तर सर्वोत्तम सीलही टिकणार नाही. सिलिंडर वर्कशॉपमध्ये न्यावा, आणि न्यायला अडचण असेल तर निदान ताडपत्रीचा आडोसा करून, स्वच्छ ट्रेमध्ये काम करावे. मोकळ्या होजची तोंडे चिंधीने बंद करू नयेत, कारण चिंधीचे धागेच पुढे वॉल्व्हच्या सीटवर सापडतात.

तेलाकडे शेवटी पाहिले जाते, वास्तविक ते सुरुवातीलाच पाहायला हवे. काचेच्या बाटलीत घेतलेला नमुना दुधाळ दिसत असेल तर तेलात पाणी आहे. पावसाळ्यात ब्रीदरमधून (टाकीच्या हवा घेणाऱ्या तोंडातून) किंवा टाकीच्या सैल झाकणातून ते शिरते. रिटर्न फिल्टर कापून त्याच्या घड्या पसरल्या की कोणता भाग झिजतो आहे हे कळते: काळे रबर सीलचे, पिवळे कण पितळी बुशचे, चुंबकाला चिकटणारी चकाकी पोलादाची. फिल्टर तुंबला की बायपास उघडतो आणि न गाळलेले तेल थेट फिरू लागते, म्हणून फिल्टरची तारीख उलटू देऊ नये.

दुरुस्ती झाल्यावर बूम रिकाम्या फोर्कने, मंद गतीने, पूर्ण स्ट्रोकमध्ये अनेकदा वरखाली व आतबाहेर करून सिलिंडरमधली हवा काढावी. हवा राहिली तर भार घेतल्याबरोबर बूम थोडा दबतो आणि थांबतो, आणि ही नवीन तक्रार जुनीच समजली जाते. त्यानंतर तेल कामाच्या तापमानाला आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना, त्याच भाराने रेघेची चाचणी पुन्हा करावी, आणि आधीचे व नंतरचे आकडे तापमानासह गाडीच्या लॉगबुकात लिहावेत. पुढच्या वेळी तक्रार आलीच, तर ते पान उघडून ताजी रेघ त्या आकड्यांशी ताडून पाहावी आणि मगच पाना हातात घ्यावा.